सांधा बसवला, नोंद कुठे आहे?

खुब्याचा सांधा बदलणे हे आता केवळ सत्तरीतल्या आजी-आजोबांचे ऑपरेशन राहिलेले नाही. स्टेरॉइडमुळे किंवा दारूमुळे मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी ढासळतो, विदर्भात सिकलसेलही त्याला कारण ठरतो. मग तिशी-पस्तिशीतच कृत्रिम सांधा बसवावा लागतो. या रुग्णाला पुढे तीस-चाळीस वर्षे चालायचे, जिने चढायचे, पोट भरायचे असते. कृत्रिम सांध्याची झीज वर्षांपेक्षा पावलांवर ठरते. त्यामुळे कृत्रिम गोळा कशाचा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी कशाची, हा प्रश्न तरुण रुग्णाने विचारलाच पाहिजे.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या दोन-तीन वर्षांतच झिजल्या. १९६२ मध्ये ते पॉलिथिलीनकडे वळले आणि ही शस्त्रक्रिया जगभर रुजली. तरी झीज थांबली नाही. जुन्या पॉलिथिलीनची वाटी वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजे. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यातून सुटणारे असंख्य सूक्ष्म कण शरीरातल्या पेशी गिळतात. ते त्यांना पचत नाहीत, दाह सुरू होतो आणि त्यात भोवतालचे हाडच विरघळू लागते. रुग्णाला बरेचदा काहीच जाणवत नाही. सांधा सैल होऊन दुखू लागतो, तोवर हाड पोकळ झालेले असते. दुसरे ऑपरेशन म्हणूनच पहिल्यापेक्षा अवघड जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिथिलीनने ही झीज खूपच घटवली. सिरॅमिकवर सिरॅमिकची झीज त्याहून कमी, पण तो क्वचित तडकतो, कधी करकरतो.

तरुणांसाठी दणकट म्हणून धातूवर धातूचे सांधेही बसवले गेले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ त्यातलाच. त्यातून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरले, सांध्याभोवतीचे मांस सडले. ऑस्ट्रेलियात प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद होते; तिथे धोका आधी कळला आणि २००९ च्या अखेरीस ‘एएसआर’ बाजारातून गेला. जगभरातून तो परत मागवला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसले होते. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने किमान वीस लाखांची भरपाई सुचवली, पण बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. ज्यांना भरपाई द्यायची, त्यांची नावेच हाती नव्हती!

एवढे होऊनही आपल्याकडे सांध्यांची नोंदवही ऐच्छिकच आहे. ती प्रत्येक रुग्णालयाला सक्तीची केली पाहिजे. वाटेल ते साहित्य माथी मारले तरी पत्ता लागू नये, ही सोय कोणत्याही उत्पादकाला असता कामा नये.

रुग्णांनीही थांबू नये. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, साहित्य, माप आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर असते. ते केसपेपरला चिकटवून फाइल रुग्णालयातच राहते. डिस्चार्ज घेताना त्याची प्रत मागून घ्या, जपून ठेवा आणि दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने एक्स-रे काढा.