फितूर कोण, आपला कोण?

गोलंदाजाचा हात नेमका कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरकरणी साहित्याबाहेरचा वाटेल. पण देश सोडून जाणाऱ्याला कोणते नाव द्यावे, हा अखेर भाषेचाच प्रश्न आहे.

क्यूबाने १९६१ नंतर व्यावसायिक खेळ ठेवला नाही. बेसबॉलपटू क्रांतीचा शिलेदार मानला गेला. १९९५ मध्ये लिव्हान हर्नांडेझ देशाबाहेर निसटला आणि १९९६ मध्ये खेळण्याची बंदी आली ती त्याच्या सावत्र भावावर, ओर्लांडोवर. डिसेंबर १९९७ मध्ये तोही लहानशा बोटीतून निघाला. १९९८ मध्ये अमेरिकेतील 'वर्ल्ड सिरीज' जिंकणाऱ्या न्यूयॉर्क यँकीज संघात तो होता. सत्तेच्या लेखी मात्र फितूरच.

आता मुंबईचा सौरभ नेत्रावळकर पाहा. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. रणजीत मुंबईसाठी त्याला एकच सामना मिळाला. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेत गेला, संगणक अभियंता झाला. ६ जून २०२४ रोजी डॅलसला त्याच्या सुपर ओव्हरने अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिले. सहा दिवसांनी त्याने कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. त्याला कोणी फितूर म्हटले नाही. उलट 'आपला मराठी मुलगा' म्हणून आपण टाळ्या पिटल्या.

हा आपला उदारपणा म्हणावा काय? मला शंका आहे. ओर्लांडोची वाट अडवणारी सत्ता डोळ्यांना दिसते, म्हणून त्याच्या जाण्याची कथा होते. सौरभला कोणी अडवले नाही. पण थांब, असेही कोणी म्हटले नाही. या न म्हणण्याला खलनायक नसतो, म्हणून त्याची कथा होत नाही. क्यूबाने जाणाऱ्यावर हक्क सांगितला, आपण यशस्वी झालेल्यावर सांगतो. मालकीची भाषा दोन्हीकडे तीच.

गोंदियाच्या स्थानकावरून मुंबईची गाडी धरणाऱ्या आमच्या पोरांनाही कोणी फितूर म्हणत नाही. मात्र धानकापणीला ती परतली नाहीत, की 'तो आता आपला राहिला नाही' असे गाव हळूच म्हणते; आणि त्यातला एखादा नाव कमावून आला, की तोच पुन्हा 'आपला' होतो. मधल्या वर्षांत तो कोणाचा होता?

स्थलांतरावर लिहिताना आपण स्मरणरंजनात फार रमतो. जाणाऱ्याला काय आठवते, हे लिहून झाले. त्याला जाऊ देणाऱ्यांनी काय केले नाही, हे लिहायचे राहिले आहे.