पायवाट कुणाची?

मैत्रिणींनो, राधानगरीच्या डोंगरात हल्ली गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले धरण, त्याचा लक्ष्मी तलाव, भोवती जंगल. कोल्हापुरातले तरुण हौसेने येतात. जरूर यावेत. पण ज्या वाटांवर त्यांची चाके धावतात, त्यातल्या कितीतरी बायकांच्या पायांनी पडल्या आहेत. डोक्यावर सरपणाचा भारा, नाहीतर वैरण.

वस्तीवरच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एकीने विचारले, “ताई, मोकळ्या हातानं डोंगर चढायचा, ते बी हौसंनं?” सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या.

शाळेसाठी मुलीला सायकल मिळते, पण सुट्टीत ती भाऊ नेतो. मुलगी विनाकारण हिंडली तर ती ‘उंडारते’! तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, त्याही टोमणे सोसूनच.

रोजगार, शिक्षण यांसाठी आपण भांडतोच. बाईच्या मोकळ्या वेळासाठी कधी भांडणार? येत्या आठ मार्चला तलावाकाठी बायका-मुलींची सायकलफेरी काढूया. कामासाठी नव्हे, निव्वळ हौसेसाठी.