हाडे फोडण्याचा हुकूमही ‘ड’चाच

ड जीवनसत्त्व हाडे घडवते, असे सर्रास सांगितले जाते आणि पुरावा म्हणून मुडदुसाकडे बोट दाखवले जाते. ड मिळाले नाही की लहान मुलांचे पाय वाकतात, दिले की सुधारतात. त्यातून पुढचे अनुमान आपोआप निघते, की जितके ड जास्त तितके हाड भक्कम. मग औषधाच्या दुकानातून ६०,००० युनिटची पुडी आठवड्यामागून आठवडा घरी येत राहते. मुडदुसाचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ती चूक हाड खाणाऱ्या पेशी कशा जन्माला येतात हे पाहिले की उघडी पडते. ड हे हाडाचे खाद्य नसून जनुकांना हुकूम देणारे संप्रेरक आहे. त्याची पहिली बांधिलकी रक्तातल्या कॅल्शियमशी आहे, हाडाशी नंतर.

आपल्या हाडात मोडतोड आणि बांधकाम सतत चालू असते. ऑस्टिओक्लास्ट या अस्थिभक्षक पेशी जुने हाड आम्लाने विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट या अस्थिजनक पेशी त्या खड्ड्यात नवे रचतात. १९५२ साली अर्विद कार्लसन यांनी किरणोत्सारी कॅल्शियमचा माग काढून उंदरांमध्ये दाखवले, की ड जीवनसत्त्वामुळे हाडातले कॅल्शियम सुटून रक्तात येते. (याच कार्लसनना पुढे २००० साली डोपामिनवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळाले, त्यांचे हाडांवरचे काम मात्र सामान्य वाचकापर्यंत पोचलेच नाही.) १९७२ मध्ये लॉरेन्स रेझ यांनी काचपात्रात वाढवलेल्या हाडावर ड-चे सक्रिय रूप टाकले, तेव्हा हाड झपाट्याने विरघळू लागले. या दोन्ही प्रयोगांत हाड फोडणारा हात ड-चाच होता. हा हात चालतो कसा? त्वचेत तयार झालेले ड आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय रूप बनते. पेशीच्या केंद्रकात ते आपल्या ग्राही प्रथिनाला चिकटते. तो ग्राही आरएक्सआर नावाचा जोडीदार घेतो आणि ही जोडी डीएनएवर एक खूण शोधते: सहा-सहा अक्षरांचे दोन शब्द, मध्ये तीन अक्षरांचे अंतर. तिथे ती बसली की एखादे जनुक जागे होते, एखादे निजते. अस्थिजनक पेशीत जाग्या होणाऱ्या जनुकांत रँक-लिगँड या प्रथिनाचे जनुक आहे. उंदरात ग्राहीच्या बसण्याची एक महत्त्वाची जागा या जनुकापासून सुमारे ७६,००० अक्षरे दूर आहे, तरी तिथून हुकूम पोचतो. रँक-लिगँड पेशीच्या पृष्ठभागावर आले, की त्याला भिडणाऱ्या रक्तकुळातल्या पूर्वजपेशीत सी-फॉस आणि एनएफएटीसी-१ ही प्रथिने कामाला लागतात. मग अशा पेशी एकमेकींत मिसळतात आणि त्यांची अनेक केंद्रकांची, हाड पचवणारी अस्थिभक्षक पेशी होते. म्हणजे हाड मोडणाऱ्यांची भरती हाड बांधणाऱ्याच्या दारात होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ड-ग्राही नसलेल्या उंदरांच्या पेशी वापरून याची कसोटी घेतली. पूर्वजपेशीत ग्राही नसला तरी कॅल्सिट्रायॉलने अस्थिभक्षक तयार झाले; अस्थिजनक पेशीत तो नसला, तर झाले नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की मग मुडदूस बरा कसा होतो? उत्तर आतड्यात आहे. ड अन्नातले कॅल्शियम आतड्यातून शोषून घ्यायला लावते, आणि ते कॅल्शियम हाडाला कठीण करते. ड-ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना मुडदूस होतो. पण त्यांना भरपूर कॅल्शियम आणि लॅक्टोज असलेला आहार दिला, की ग्राही नसतानाही त्यांची हाडे जवळजवळ नीट घडतात. ज्या मुलांचा ड-ग्राही जन्मतःच निकामी असतो, त्यांचा मुडदूस शिरेतून दीर्घकाळ कॅल्शियम देऊन बरा झालेला आहे. २०१२ मधला बेल्जियममधल्या लुव्हेनचा प्रयोग तर याची दुसरी बाजू दाखवतो. तिथे फक्त आतड्यातला ग्राही काढला. रक्तातले कॅल्शियम जागच्या जागी राहिले, पण कॅल्सिट्रायॉल वाढले, हाडे विरघळत गेली आणि नव्या हाडात खनिज बसेना. अन्नातून कॅल्शियम येईना, तेव्हा ड-ने रक्त सांभाळण्यासाठी हाड खर्ची घातले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला मान्य करावाच लागतो. पूर्वजपेशींमध्येही ड-ग्राही असतो, आणि तिथला हुकूम उलटा असू शकतो. २००६ मध्ये जपानमधूनच प्रसिद्ध झालेल्या कामात सक्रिय ड-ने या पेशींतले सी-फॉस प्रथिन दाबून अस्थिभक्षकांची वाढ रोखल्याचे दिसले. ड-चेच सुधारित रूप असलेले एल्डेकॅल्सिटॉल २०११ पासून जपानमध्ये अस्थिसुषिरतेसाठी वापरात आहे आणि ते हाडाची झीज कमी करते. शिवाय ड-ची खरी कमतरता असते तेव्हा पॅराथायरॉइड संप्रेरक वाढून हाड झिजत असते. अशा माणसाला ड दिले की ते संप्रेरक उतरते आणि झीज थांबते. त्यामुळे ‘ड हाडे खाते’ असे म्हणणारा ‘ड हाडे घडवते’ म्हणणाऱ्याइतकाच चुकतो. हुकूम कोणत्या पेशीत पोचला, त्या वेळी कॅल्शियम किती होते आणि मात्रा किती होती, यावर परिणाम ठरतो. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो, कारण खाद्याला अशी परिस्थिती पाहून दिशा बदलता येत नाही.

मात्रेबद्दलचा पुरावा आता माणसांतही आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिट दिले, तेव्हा त्या अधिक पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली. हे निष्कर्ष २०१० साली आले. कॅनडातल्या कॅलगरीत ३११ निरोगी माणसांना तीन वर्षे रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिले. मनगटाजवळच्या हाडाची घनता अनुक्रमे १.२, २.४ आणि ३.५ टक्क्यांनी घटली. हाडाच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे. पण लाभ दिसला नाही, आणि मात्रा वाढली तशी घट वाढली. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार, हे गणित इथे करून पाहावे. अमेरिकेत २५,८७१ जणांच्या चाचणीत रोज २,००० युनिटने अस्थिभंग घटले नाहीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यावर कोणी म्हणेल, की त्यातल्या बहुतेकांना ड-ची कमतरता नव्हतीच. बरोबर आहे, आणि माझे म्हणणे तेच आहे. घराबाहेर न पडणारे वृद्ध, अंगावर ऊन न घेणाऱ्या स्त्रिया, मुडदुसाची लक्षणे असलेली बाळे यांना ड द्यायलाच हवे, आणि तेही वेळेवर. पण ठरलेले आठवडे संपल्यावर पुडी थांबली का, आणि त्या माणसाच्या ताटात दूध, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम किती येते, हे दोन प्रश्न औषध लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत.