जुने फोटो म्हणजे आपला सातबारा

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण मालेगावच्या कॅम्प भागात एका कार्यकर्त्याच्या घरी बसतो. समोर जुने फोटो मांडलेले असतात. कुणाच्या घरी तसबिरीमागे सापडलेले, कुणाच्या पत्र्याच्या पेटीत वाळवीपासून कसेबसे वाचलेले. फोटोतली जागा कोणती, साल कोणते, माणसे कोण, हे ओळखायचे. लोक विचारतात, हा रिकामटेकडा छंद कशासाठी? समाजापुढे एवढे प्रश्न असताना फोटो काय बघत बसता? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

मालेगावचा इतिहास म्हटला की मोसम नदीकाठचा भुईकोट किल्ला पुढे येतो. पेशवाईतले सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी तो बांधला. 1818 च्या पहिल्याच दिवशी भीमा कोरेगावची लढाई झाली. त्याच युद्धात इंग्रजांनी मे महिन्यात या किल्ल्याला वेढा घातला आणि जूनमध्ये आतल्या अरब शिबंदीने तो खाली केला. हे सारे गॅझेटियरमध्ये नोंदले गेले. तालुक्यातल्या झोडगे गावच्या माणकेश्वर मंदिराची दखल पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी घेतली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा ग्रंथ 1931 मध्ये निघाला. किल्ला आणि मंदिर नोंदले गेले, चांगलेच झाले. पण त्या सरकारी कॅमेऱ्याला महारवाडा दिसला का? आमची वेगळी विहीर, आमचा तक्क्या, गावाची वेस राखणाऱ्याची झोपडी, यांपुढे कुणी तिकाटणे उभे केले का? सरकारी दप्तरात आमची नोंद झाली ती वतनाची आणि वेठीची. आमच्या जागांची तसबीर काढायची गरज कुणाला वाटली नाही.

म्हणून आपल्याच माणसांनी पैसे जमवून, फोटोग्राफर बोलावून काढलेला परिषदेचा, मोर्चाचा, धम्मदीक्षेचा फोटो हाच आपला सातबारा आहे. आम्ही इथे होतो, आम्ही इथे लढलो, हे सांगणारा कागद. पण उताऱ्यावर गट नंबर नसेल तर त्याला कोण विचारतो? फोटोचेही तसेच. जागा, साल आणि नाव नसलेला फोटो उद्या कुणीही कुणाचाही म्हणून छापेल.

मध्यंतरी एक फोटो हाती आला. नदीच्या वाळूत बसलेली माणसे, मागे दगडी भिंत, अर्धवट दुमडलेला फलक. बघताक्षणी सगळे म्हणाले, हा मनमाडचा! 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. मनमाड इथून हाकेच्या अंतरावर. फोटो त्या परिषदेचा निघावा असे आम्हालाही मनातून वाटत होते. एका स्मरणिकेत तर तो तशाच ओळीसह छापून आलेला होता.

तेवढ्यात घरातल्या ऐंशी ओलांडलेल्या आजींनी फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "हाऊ ते आपला किल्ला शे ना भाऊ!" आम्ही भिंग घेतले. मनमाडची ओळख असलेली हडबीची शेंडी कुठेच नव्हती. मागची भिंत म्हणजे किल्ल्याचा बुरूज होता, वाळू मोसमची होती. फलकावर 'भूमिही' एवढी अक्षरे लागली. म्हणजे भूमिहीनांचा सत्याग्रह. कडेला डोईवर पदर घेतलेली बाई आपणच, असे आजी म्हणाल्या. तेव्हा मालक तुरुंगात होते आणि थोरला पोटात होता. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म मार्च 1965 चा निघाला. हिशेब जुळला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1964 मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहाचे ते दिवस होते.

आमच्यातले एक-दोघे हिरमुसले. बाबासाहेबांचा फोटो नाही म्हणजे मोल संपले, असे त्यांना वाटले. आम्हाला उलटे वाटते. बाबासाहेबांचे फोटो जपणारे आहेत. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी त्यांची दुर्मिळ छायाचित्रे वर्षानुवर्षे जमवली. नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून 1956 ची अंत्ययात्रा चित्रपटाच्या फितीवर घेतली. पण पोटुशी असताना मोसमच्या वाळूत फलकामागे बसलेल्या त्या बाईची नोंद कोण ठेवणार? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकातून चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले. ते काम गावोगाव व्हायला हवे होते. ते झाले नाही, ही आपली चूक आहे.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण बोललीच पाहिजे. बाबासाहेब जिथे आले नाहीत तिथे त्यांना आणून बसवणे ही भक्ती नव्हे. ते ग्रंथ लिहीत तेव्हा पुरावा तपासून, संदर्भ देऊन लिहीत. आपण त्यांचे अनुयायी म्हणवतो आणि खोट्या ओळी छापतो. एक खोटी ओळ पकडली गेली की विरोधक आपल्या शंभर खऱ्या ओळींवर बोट ठेवतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेले, मागची भिंतच बदलून टाकलेले फोटो मोबाईलवर फिरतात. जागा ओळखायची खूणच त्यात पुसली जाते.

जागा जपली तर काय होते, तेही आपल्या शेजारीच दिसते. मालेगावहून आग्रा रोडने धुळ्याकडे निघाले की लळिंग लागते. तिथल्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी मुक्कामाला होते. लोकांनी ती जागा विसरू दिली नाही, म्हणून दरवर्षी 31 जुलैला तिथे भीमसैनिकांची रीघ लागते. आमच्या गावातल्या मुस्लिम बांधवांनीही 1921 च्या खिलाफत आंदोलनात फाशी गेलेल्यांची आठवण 'शहीदों की यादगार' उभारून जपली आहे. आणि जागा जपली नाही तर? दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना 25 जून 2016 च्या पहाटे पाडला गेला, हे आपण विसरलेलो नाही. मुंबईत हे घडते, तर खेड्यातल्या तक्क्याची काय कथा? तिथे रातोरात सिमेंटचा रस्ता होतो आणि विहीर बुजते.

म्हणून बांधवांनो, एवढे करा. घरातला जुना फोटो चौकटीतून जपून काढा. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेनाने लिहिलेले नाव असेल; दोन्ही बाजूंची प्रत घ्या. मूळ फोटो कुणालाही देऊ नका आणि कडा कापू नका, कारण जागेची खूण बहुधा कडेलाच असते. चेहऱ्यांआधी मागे बघा: डोंगराची धार, विहिरीचे थारोळे, विजेचा खांब, दुकानाची पाटी. मग त्या जागी जाऊन, तिथेच उभे राहून आजचा फोटो काढा. जे सिद्ध झाले ते शाईने लिहा, जो अंदाज आहे त्यापुढे 'अंदाज' असे लिहा. आणि सर्वांत आधी घरातल्या आजीला विचारा. आम्ही भिंग घेऊन जे शोधत होतो ते तिने नुसत्या डोळ्यांनी ओळखले. ती आहे तोवरच हा सातबारा आपल्या नावावर चढू शकतो.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास याच कामासाठी ठेवा. जयभीम!