एकाच वाफेला दोनदा राबवा



आसवनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘दिवसाला किती लिटर?’ आमच्या मते पहिला प्रश्न ‘लिटरमागे वाफ किती?’ हा हवा.

तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे पाहा. तेथे प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करतात. दोघे जणू जुळे भाऊ! हवेच्या साध्या दाबाला प्रोपिलीन उणे ४८ अंशांच्या आसपास उकळते, तर प्रोपेन उणे ४२ला. अंतर एवढे थोडे, म्हणून शंभराहून अधिक थाळ्यांचा उंच मनोरा लागतो. वरची वाफ पाण्याने थंड केली की तिची उष्णता वाया जाते, आणि तळाला मात्र नवी उष्णता द्यावीच लागते.

यावर तंत्रज्ञांनी तोड काढली. वरची वाफ कॉम्प्रेसरने दाबली की ती तापते. मग तिच्यावरच तळाचा द्रव उकळायचा. वरच्या-खालच्या तपमानात फरक थोडा, म्हणून दाबायला शक्तीही थोडीच लागते. अडचण होती तीच सोय झाली.

आपल्याला हे परके नाही. रस आटविताना एका बॉडीची वाफ पुढच्या बॉडीला तापविते. नॉर्बर्ट रिल्यू या इंजिनियराने १८४३ साली अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले. रसाला जी काटकसर, ती आसवनीला का नको?

अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, पाणी १००वर. येथे फरक मोठा. तेव्हा तेलवाल्यांची यंत्रे जशीच्या तशी आणा, असे आम्ही म्हणत नाही. आसवनीत मनोरे वेगवेगळ्या दाबांवर चालवितात आणि एकाची वाफ कमी दाबाच्या दुसऱ्याला उकळते. सुमारे ९५ टक्क्यांपुढे साधे ऊर्ध्वपातन अडते. तेथे उरलेले पाणी मॉलिक्युलर सीव्ह शोषून घेते.

कोणी म्हणेल, बगॅस घरचा, मग वाफ फुकटच की! फुकट कशी? वाचलेला बगॅस विकता येतो, त्यावर वीज करता येते, आणि तो पैसा उसाच्या दराला हातभार लावतो. अशी यंत्रसामग्री महाग पडते, हे खरे. म्हणूनच टेंडर उघडताना किमतीशेजारी लिटरमागे लागणाऱ्या वाफेचा आकडा हमीसह मांडावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. आणि सभासदांनी तो सर्वसाधारण सभेत विचारावा. कारखाना आपला आहे, बॉयलरमध्ये जळणारा बगॅसही आपल्याच उसाचा आहे.