दुसरी सायकल : हायब्रिड की रोड बाइक?

२०२० च्या टाळेबंदीत लोकल गाड्या सामान्य प्रवाशांना बंद होत्या, व्यायामशाळांना कुलपे होती आणि रस्ते कधी नव्हे इतके मोकळे पडले होते. त्या काळात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक घरांत बऱ्याच वर्षांनी सायकल आली. ती बहुधा जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डोंगरी धाटणीची होती. ज्यांनी ती माळ्यावर टाकली त्यांचा प्रश्न तेथेच संपला. ज्यांनी ती चालवली त्यांच्यापुढे मात्र आज नवा प्रश्न उभा आहे: दुसरी सायकल घ्यावी ती हायब्रिड की रोड बाइक? पहिली खरेदी हौसेने झाली तरी चालते. दुसरी हिशेबाने व्हावी. चुकलेल्या निवडीत केवळ पैसे जात नाहीत, पाच वर्षांत अंगवळणी पडलेली सकाळची सवयही मोडू शकते.

प्रथम दोहोंतील भेद पाहू. हायब्रिडचा हँडल सरळ, बैठक ताठ आणि टायर साधारणतः ३२ ते ४० मिलिमीटर रुंद असतो. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी तिच्या सांगाड्यावर बहुधा सोय केलेली असते. रोड बाइकचा हँडल खाली वळलेला, टायर २५ ते २८ मिलिमीटरचा, त्यातील हवेचा दाब अधिक आणि एकूण वजन तीन-चार किलोंनी कमी असते. दुकानात दोन्ही उचलून पाहिल्या की मन रोड बाइककडे झुकते, यात नवल नाही. परंतु सायकल उचलायची नसते, चालवायची असते.

रोड बाइकच्या वेगाचे खरे कारण तिच्या वजनात नाही. सपाट रस्त्यावर ते स्वाराच्या वाकलेल्या बैठकीत आहे. वेग वाढतो तसा सायकलस्वाराचा मुख्य विरोधक हवा हाच होतो आणि हवेवर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर जायचे तर केवळ हवेसाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. अशा वेळी वाकून बसणाऱ्याला मोठी सवलत मिळते. उलट ताशी १५-१८ च्या वेगाने, दर अर्ध्या किलोमीटरला सिग्नलपाशी थांबत जाणाऱ्याला ती सवलत नाममात्रच. दहा किलोमीटरचे अंतर २० ऐवजी २४ च्या वेगाने कापले तर पाच मिनिटे वाचतात. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील दोन सिग्नल ती सहज परत घेतात.

तेव्हा प्रश्न असा, की ताशी २५ चा वेग सलग टिकेल असा रस्ता उपनगरातील माणसाला लाभतो का? येथे मुंबईची एक विसंगती नजरेत भरते. गेल्या पंचवीस वर्षांत या शहराच्या परिसरात जे गुळगुळीत, विनासिग्नल रस्ते झाले, ते बहुतेक सायकलला बंद आहेत. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि त्याच वर्षी सुरू झालेला सागरी किनारा मार्ग, यांपैकी एकावरही सायकलला प्रवेश नाही. उरतात ते भल्या पहाटेचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग, मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून गाठता येणारा नवी मुंबईचा पाम बीच मार्ग, अवजड वाहनांमुळे जपून वापरावा लागणारा घोडबंदर रस्ता आणि लांबच्या स्वारीसाठी जुना मुंबई-पुणे महामार्ग. म्हणजे रोड बाइकला योग्य असा रस्ता आहे, पण तो बहुधा रविवारी, आणि उजाडण्याच्या सुमारास.

उरलेल्या सहा दिवसांचा रस्ता निराळा आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारांच्या जाळ्या, अर्धवट सोडलेले खोदकाम आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधील लांबलचक फट. २५ मिलिमीटरचे चाक अशा फटीत अडकले तर तोल सावरायला क्षणही मिळत नाही; ३८ मिलिमीटरचे चाक बहुतेक वेळा वरूनच निघून जाते. त्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे. रिमवर दाबणारे ब्रेक ओल्या चाकावर थोडे उशिरा पकड घेतात, म्हणून पावसात फिरणाऱ्याने डिस्क ब्रेक पसंत करावेत. बारीकसारीक अडचणीही ध्यानात घ्याव्यात. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा जातीचा बारीक व्हॉल्व्ह असतो आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या पंपाची तोटी त्यावर बसत नाही. काही रुपयांचा पितळी अडॅप्टर खिशात नसेल तर सायकल हाताने ढकलत घरी आणावी लागते.

शरीराचाही हिशेब आहे. पन्नाशी-साठीनंतर मान आणि कंबर पूर्वीसारखी वाकत नाही. वाकलेल्या बैठकीत समोर पाहण्यासाठी मान सतत उचललेली ठेवावी लागते आणि मागून येणारी बस पाहण्यासाठी ती वळवणे अधिक अवघड जाते. ज्याला मानेचा त्रास आहे त्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून रोड बाइकचा विचारच करू नये. मात्र न्याय दोन्ही बाजूंना मिळावा. हायब्रिडच्या सरळ हँडलवर हात धरण्याची जागा मुख्यतः एकच; त्यामुळे तीन-चार तासांच्या स्वारीत तळवे बधिर होतात. रोड बाइकवर तीन-चार प्रकारे हात बदलता येतात आणि लांबच्या पल्ल्यात तोच मोठा दिलासा ठरतो.

रोड बाइकचे खरे माहेर म्हणजे हे लांब पल्ले. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली. असे यश मिळवणारे ते पहिले भारतीय. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. अशा वाटेवर हायब्रिड कोणी सुचवणार नाही. परंतु सर्वसामान्य स्वाराच्या महत्त्वाकांक्षेचे माप वेगळे असते. ब्रेव्हे या नावाने होणाऱ्या लांब पल्ल्याच्या, शर्यत नसलेल्या स्वाऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे विश्रांती धरून सरासरी ताशी १५ किलोमीटरही लागत नाहीत. एवढे अंतर हायब्रिडवर सुखाने कापता येते. ६०० किलोमीटरसाठी ४० तास असतात. तेथे मात्र रोड बाइकचा लाभ स्पष्ट जाणवतो.

मग निर्णय कसा करावा? इच्छेऐवजी वहीला विचारावे. बारा आठवडे प्रत्येक स्वारीची नोंद ठेवावी: वार, अंतर, रस्ता, आणि सलग किती वेळ न थांबता जाता आले. मुलुंडचा एखादा साठीतला गृहस्थ कल्पू. त्याच्या वहीत चाळीस नोंदी आहेत. त्यांतील तीस भाजी, बँक, नातवाची शाळा आणि तलावापर्यंतचा फेरफटका अशा दहा किलोमीटरच्या आतल्या. सात राष्ट्रीय उद्यानाच्या वा पवईच्या बाजूच्या. आणि केवळ तीन पन्नास किलोमीटरच्या वर. या गृहस्थाला रोड बाइक घेणे म्हणजे तीन नोंदींसाठी सदतीस नोंदींवर अन्याय करणे होय. त्याने हायब्रिड घ्यावी. याउलट ज्याच्याकडे रोजच्या कामाला उपयोगी पडणारी सायकल आधीच चालू स्थितीत आहे आणि ज्याच्या वहीत दर आठवड्याला एक तरी लांब पल्ला आहे, त्याने निःसंकोच रोड बाइक घ्यावी. त्याला दुसरी हायब्रिड म्हणजे पहिल्याच सायकलची पुनरावृत्ती ठरेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वाचलेली रक्कम अधिक महाग मॉडेलमध्ये न घालता हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि पंप यांवर खर्च करावी. सायकलचे माप आपल्या उंचीप्रमाणे बसवून घ्यावे. बैठकीवर बसून खालच्या पेडलवर टाच टेकली असता गुडघा सरळ राहावा, ही सोपी खूण उपयोगी पडते. शक्य असल्यास दोन रविवार कोणाची तरी रोड बाइक मागून चालवून पाहावी. आणि नवी आल्यावर जुनी कोठे जाणार, हे आधीच ठरवावे. सोसायटीच्या जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकलींत आणखी एकीची भर नको. जिला चार पैशांचा खर्च करून एखादा शाळकरी मुलगा वा सोसायटीचा रखवालदार रोज वापरू शकेल, ती सायकल त्याच्या हाती देणे हाही या खरेदीचाच भाग आहे.