कृषिमूल्य आयोगावर कोणास नेमावें?

१९६५ सालीं स्थापन झालेला केंद्रीय कृषिमूल्य आयोग २२ पिकांच्या आधारभूत किंमतींची शिफारस सरकारास करितो. त्यावरील पांच जागांपैकीं दोनच बिनसरकारी, म्हणजे शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींकरितां आहेत. उत्पादनखर्चांत घरच्या माणसांच्या श्रमांचें मोल धरितात खरें. परंतु खुरपणी, कापूसवेचणी हीं कामें बहुधा बायकांची, आणि दुबार पेरणीचा घाव सोसतो तो जिराईतदार. हिशेबांत काय सुटलें, हें सांगण्यास तींच माणसें तेथें हवींत. (आम्ही स्वतः बागाईतदार आहों, म्हणूनच हें बोलण्यास संकोच वाटत नाहीं.) यास्तव त्या दोन जागांपैकीं एक कोरडवाहू शेतकऱ्यास व एक स्वतः जमीन कसणाऱ्या स्त्रीस द्यावी, नांवें तालुक्यांतील शेतकरी-संस्थांकडून उघडपणें मागवावीं आणि मुदत संपण्यापूर्वींच नव्या नेमणुका कराव्या.